रिसेल फ्लॅट घेताय? टोकनपासून शेअर सर्टिफिकेटपर्यंतची कायदेशीर कामं

फ्लॅट आवडलेला असतो, भाव ठरलेला असतो आणि एजंट सांगत असतो, "आजच टोकन टाका, उद्या दुसरी पार्टी येतेय." लोक वकिलाला फोन करतात तो बहुतेक वेळा यानंतर, टोकन देऊन झाल्यावर. "काही अडचण नाही ना?" असं विचारतात. अडचण असेलच असं नाही, पण निघालीच तर ती आता फुकटात सुटत नाही. म्हणून घर घेणाऱ्याला मी आधी एकच गोष्ट सांगतो: ज्या टप्प्याचे पैसे द्यायचे, त्या टप्प्याचा कागद आधी बघायचा. पुढे जे काही लिहिलं आहे ते याच क्रमाने आहे.

लेख मुख्यतः महाराष्ट्रातल्या सोसायटीतला जुना फ्लॅट घेणाऱ्यांसाठी आहे. बिल्डरकडून नवीन घर घेणाऱ्यांबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलं आहे.

वकील लागतोच का?

कायद्याने सक्ती नाही. दस्त तुम्ही स्वतः लिहिलात तरी नोंदवला जातो. पण अनेकांचा असा समज असतो की सरकारी कार्यालयात नोंदणी झाली म्हणजे सरकारने मालकी तपासली. तसं होत नाही. दस्त नोंदवणारा अधिकारी, म्हणजे दुय्यम निबंधक, मुद्रांक शुल्क बरोबर भरलं आहे का, सही करणारी माणसं तीच आहेत का, एवढं पाहतो. विकणारा खरा मालक आहे का, हे शोधणं तुमचं काम. सात-बारा, प्रॉपर्टी कार्ड, मालमत्ता कराची पावती यांचंही तसंच: यावर नाव असणं हा पुरावा म्हणून उपयोगी, पण नुसत्या त्या नावाने मालकी सिद्ध होत नाही.

"बँकेचा वकील तपासतोच की!" हे दुसरं नेहमीचं वाक्य. बँकेचा पॅनेल वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते पाहतो आणि अहवाल बँकेला देतो. तुम्ही घातलेले स्वतःचे वीस-पंचवीस लाख त्याच्या चिंतेचा विषय नसतात. विकणाऱ्याचा किंवा एजंटने सुचवलेलाच वकील दोन्ही बाजूंनी चालवायचा, हेही टाळा. भांडण झालंच तर तो तुमच्या बाजूने उभा राहू शकणार नाही.

टोकन किती आणि कसं द्यायचं?

कमीत कमी द्यायचं आणि बँकेतूनच द्यायचं. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, पडतो. तुमचा तोटा वेगळा: रोख दिलेल्या पैशांचा पुरावा उरत नाही.

टोकनची पावती नुसती "रक्कम मिळाली" एवढीच नको. त्यात फ्लॅटचा पूर्ण तपशील, ठरलेली एकूण किंमत आणि साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, किती दिवसांत करायचं ते यावं. शिवाय दोन अटी हव्यातच: मालकी हक्क निर्वेध न निघाल्यास आणि कर्ज मंजूर न झाल्यास टोकन परत. दुसऱ्या अटीला विकणारे कुरकुरतात. तिथे वाटाघाटी करा, मुदत घाला, पण पहिल्या अटीवर अजिबात मागे येऊ नका. जो विकणारा "हक्क निर्वेध नसेल तर पैसे परत" एवढं लिहून द्यायला तयार नाही, त्याने तुम्हाला हवी ती माहिती आधीच दिलेली आहे.

मालकीची साखळी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

विकणाऱ्याकडे फ्लॅट कसा आला? त्याच्या आधीच्याकडे कसा आला? असं करत मागे जात बिल्डरच्या पहिल्या करारापर्यंत पोहोचायचं. प्रत्येक टप्प्याचा मूळ दस्त, नोंदणीची पावती आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी कार्यालयातून मिळणारा दस्ताचा सारांश, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, हे तिन्ही एकत्र हवेत. वकील सहसा ३० वर्षांचा शोध घेऊन सर्च अँड टायटल रिपोर्ट देतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून अलीकडचे दस्त तुम्हालाही पाहता येतात. जुन्या नोंदींसाठी मात्र कार्यालयात जाऊन वह्या चाळाव्या लागतात, आणि काही वह्यांची अवस्था अशी असते की पान उलटताना भीती वाटते. शोध घेताना त्या मिळकतीवर लिस पेंडन्सची, म्हणजे दावा चालू असल्याची नोटीस नोंदवली आहे का, तेही पाहून घ्यावं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर विकणाऱ्याच्या नावाने शोध घेणं हे पंधरा मिनिटांचं काम आहे, तेही करा.

साखळी तुटते ती ठरावीक ठिकाणीच.

मूळ मालक वारलेला असतो आणि मुलगा विकायला आलेला असतो. "बाबांनी मला नॉमिनी केलं होतं," असं तो सांगतो आणि सोसायटीच्या सभासदत्वाच्या कागदावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, त्याचं नावही चढलेलं असतं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा, एवढंच नामनिर्देशनाने ठरतं, मालकी वारसांची. त्यामुळे आई, भाऊ, बहिणी या सगळ्यांची सही खरेदीखतावर हवी, नाहीतर त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलेलं हवं. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला वगळण्याची सवय अजून गेलेली नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत तो २००५ च्या दुरुस्तीने मुलाइतकाच झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा खटल्यात त्याबद्दलची उरलीसुरली शंकाही मिटवली. "ताईची काही हरकत नाही" हे तोंडी ऐकून पुढे जाऊ नका. ताईला कार्यालयात यायला सांगा.

दस्तात अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचं नाव असेल तर वेगळाच प्रश्न उभा राहतो. अज्ञान हिंदू मुलाच्या स्वतःच्या नावावरची मिळकत पालकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विकली, तर सज्ञान झाल्यावर तो मुलगा ती विक्री रद्द करून मागू शकतो. प्रेमाने नातवाचं नाव घातलेल्या आजोबांना हे ठाऊक नसतं.

मग कुलमुखत्यारपत्र. विकणारा परदेशी आहे आणि त्याचा भाऊ सही करणार, हे अगदी नेहमीचं आहे आणि त्यात गैर काही नाही. फक्त मुखत्यारपत्र नोंदणीकृत आहे का आणि त्यात विकण्याचा, पैसे घेण्याचा, नोंदणी करून देण्याचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे का, ते वाचा. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित किंवा अपोस्टील केलेलं असावं आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरलेलं असावं. मुखत्यारपत्र देणारा वारला की ते तिथेच संपतं. म्हणून मी सांगतो, सही करण्याच्या आठवड्यात मूळ मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोला. विचित्र वाटेल, पण वाटू दे. आणि विकणाऱ्याने स्वतःच फ्लॅट खरेदीखताऐवजी नुसत्या मुखत्यारपत्रावर "घेतलेला" असेल, तर तो मालक झालेलाच नाही. सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हे स्वच्छ सांगितलं आहे.

जुना मूळ करार हरवला असेल तर पोलिसांतली तक्रार, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकांकडची प्रमाणित नक्कल, असे तीन कागद मागा. जाहीर नोटीस तुम्हीही तुमच्या वकिलामार्फत द्या. हरकतीसाठी साधारण १४ दिवस देतात. नोटिशीला उत्तर आलं नाही म्हणून सगळे हक्क संपत नाहीत, पण तुम्ही चौकशी केली होती हे दाखवायला ती उपयोगी पडते. शिवाय लपलेला काका कधी कधी नोटिशीमुळेच बाहेर येतो.

विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर?

घाबरण्यासारखं नाही. निम्म्याहून अधिक रिसेल फ्लॅटवर काही ना काही कर्ज असतंच, असं माझ्या टेबलावरच्या फायली सांगतात. विकणाऱ्याच्या बँकेकडून दोन पत्रं मागवा: कर्जफेडीसाठी किती रक्कम बाकी आहे ते, आणि बँकेकडे कोणकोणते मूळ कागद आहेत त्यांची यादी. ही दुसरी यादी फार मोलाची, कारण साखळीतला एखादा दुवा गायब असेल तर तो इथेच लक्षात येतो.

बाकी रकमेचा धनादेश विकणाऱ्याच्या नावाने काढायचा नाही. तो त्याच्या बँकेच्या नावाने, कर्ज खात्याचा क्रमांक घालून काढायचा. कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत द्यावेत आणि बोजा उतरवावा, उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. विकणाऱ्याने न सांगितलेल्या कर्जाची शंका असेल तर सरसाई या केंद्रीय नोंदवहीत थोडं शुल्क भरून शोध घेता येतो. महाराष्ट्रात गहाणाची सूचना दुय्यम निबंधकांकडेही दाखल होते, तीही शोध अहवालात दिसायला हवी.

इमारत आणि सोसायटी

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आहे का? नसेल तर इमारत कागदोपत्री राहण्यायोग्य ठरलेलीच नाही. पाण्याचं बिल जास्त येतं, कर्जाला अडचण येते, पुनर्विकासाच्या वेळी प्रश्न निघतात. "या भागात कोणालाच ओसी नाही" हे उत्तर खरं असू शकतं, पण मग भाव तसा हवा.

इमारतीखालची जमीन कोणाच्या नावावर आहे, हे फारसं कोणी विचारत नाही. सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीला देणं), निदान मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने दिलं नाही तर सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशाने होणारं), झालं आहे का ते विचारा. जमीन सरकारी असेल, किंवा सिडको-म्हाडाच्या भाडेपट्ट्याची असेल, तर विक्रीसाठी त्यांची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागू शकतं. ते कोणी भरायचं हे साठेखताआधीच ठरवा.

पार्किंग हा भांडणाचा कायमचा मसाला. बिल्डरने जुन्या करारात स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालची खांबांमधली जागा, "विकलेलं" असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद खटल्यात ठरवलं की मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याखाली स्टिल्टची जागा हा इमारतीचा सामाईक भाग आहे आणि बिल्डर ती वेगळी विकू शकत नाही. म्हणून पार्किंगसाठी वेगळे पैसे मोजण्याआधी सोसायटीच्या नोंदींत ती जागा या फ्लॅटला वाटून दिलेली आहे का आणि खरेदीदाराला ती मिळेल का, हे सचिवांकडून लेखी घ्या.

सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. जुनी बाकी फ्लॅटबरोबर तुमच्या गळ्यात येते. मोठी दुरुस्ती किंवा पुनर्विकासाचा ठराव झालेला असेल तर सभेचं इतिवृत्त वाचायला मागा. हस्तांतरणासाठी सोसायटी प्रीमियम किती मागू शकते? महापालिका क्षेत्रात कमाल २५,००० रुपये, ही मर्यादा २००१ च्या शासन परिपत्रकापासून आहे. शिवाय हस्तांतरण फी ५०० आणि प्रवेश फी १०० रुपये. "ऐच्छिक देणगी" नावाचा लाखाचा आकडा पुढे आला तर ती किती ऐच्छिक आहे ते लेखी विचारा. आकडा बराच खाली येतो.

साठेखत आणि खरेदीखत यांत फरक काय?

साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे नुसत्या साठेखताने मालकी येत नाही. ती नोंदणीकृत खरेदीखतानेच येते. कर्ज घेऊन खरेदी करताना बहुधा आधी साठेखत नोंदवतात, त्यावर पूर्ण मुद्रांक शुल्क भरतात, बँक त्यावर कर्ज देते, आणि उरलेली रक्कम मिळाली की खरेदीखत होतं. पूर्ण शुल्क आधीच भरलेलं असल्यामुळे दुसऱ्या दस्ताला ते पुन्हा पडत नाही. गोची अशी की साठेखत झालं, ताबा मिळाला, की लोक दुसरा दस्त विसरून जातात. वीस वर्षांनी विकायला काढतात तेव्हा मूळ विकणारा हयात नसतो. कुठला दस्त कधी होणार, हे पहिल्याच दस्तात तारखेसह लिहून घ्या.

पैसे नेमके किती लागतात?

मुद्रांक शुल्क दस्तातली किंमत आणि रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे निघणारं, मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं. मुंबईत ते मेट्रो अधिभारासह ६ टक्के, पुणे शहरात सगळे अधिभार धरून ७ टक्के. निवासी घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे. पती-पत्नी दोघांची नावं घातली की ती जाते, आणि हे नोंदणीच्या दिवशी कळलं की घरात शांतता पसरते. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये.

समजा पुण्यात ८० लाखांना फ्लॅट ठरला आणि रेकनरने मूल्य ८४ लाख निघालं. शुल्क ८४ लाखांवर, म्हणजे ५,८८,००० रुपये. ३०,००० नोंदणी फी वेगळी. हेच मूल्य ९० लाख निघालं असतं तर शुल्क वाढलं असतंच, पण आयकराचाही प्रश्न आला असता. फरक ठरलेल्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त झाला, की तो संपूर्ण फरक, इथे १० लाख, खरेदीदाराचं उत्पन्न धरला जातो. म्हणून रेकनरचा हिशोब भाव ठरवण्याआधी करा.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, बहुतेकांना ऐनवेळी आठवतो. किंमत किंवा मुद्रांकासाठीचं मूल्य ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर खरेदीदाराने १ टक्का कापून विकणाऱ्याच्या पॅनवर भरायचा. वरच्या उदाहरणात तो ८४ लाखांवर, म्हणजे ८४,००० रुपये. तो तुमच्या खिशातून जादा जात नाही, विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून कापला जातो. ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत ऑनलाइन भरायचा. विलंब झाला तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क. दोन खरेदीदार आणि दोन विकणारे असले तर चार वेगवेगळे फॉर्म भरावे लागतात. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही, कपात बरीच जास्त असते. तिथे सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

नोंदणीचा दिवस

मुद्रांक शुल्क सहीच्या आधी किंवा त्याच दिवशी भरा. कायदा फार तर पुढचा कामाचा दिवस देतो. दस्त सहीपासून चार महिन्यांत नोंदवायचा. तो काळ गेला तर आणखी चार महिने दंड भरून मिळतात, तेही कारण पटलं तर. माहिती आधी ऑनलाइन भरायची, वेळ घ्यायची, दोघांची पॅन-आधार आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार घेऊन जायचं. फोटो आणि अंगठ्याचे ठसे तिथेच घेतात. वयस्कर माणसांचे ठसे यंत्र पटकन घेत नाही. आजी-आजोबा पक्षकार असतील तर सकाळची वेळ घ्या.

पडद्यावर तपशील दाखवतात तेव्हा घाई करू नका. नावाचं स्पेलिंग, फ्लॅट क्रमांक, चटई क्षेत्र, सर्व्हे किंवा सीटीएस क्रमांक, सगळं मूळ कराराशी ताडून पाहा. इथे सुटलेली चूक पुढे दुरुस्ती दस्त करूनच निघते आणि त्यासाठी विकणाऱ्याला पुन्हा बोलवावं लागतं.

घर नवीन, बिल्डरकडून असेल तर

महारेराच्या, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. मालकीचा अहवाल, बोजे, दावे, मंजुऱ्या, पूर्णत्वाची तारीख तिथे सापडते. रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ताबा वेळेत न मिळाल्यास व्याजासह पैसे परत मागण्याचा, किंवा घर ठेवून विलंबाचं व्याज घेण्याचा हक्क आहे. बांधकामातला दोष ताब्यापासून पाच वर्षांत दाखवला तर बिल्डरने तो विनाखर्च दुरुस्त करून द्यायचा. बांधकाम चालू असताना घेतलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, परवडणाऱ्या घरांवर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर तो नाही.

किल्ली मिळाल्यावर

शेवटची रक्कम, मूळ कागदांची अख्खी फाइल आणि किल्ल्या यांची देवाणघेवाण एकाच बैठकीत करा. ताबापत्रावर वीज मीटरचं त्या दिवशीचं रीडिंग लिहून घ्या. घरात भाडेकरू असेल तर तो बाहेर पडल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शेवटचा धनादेश सोडू नका.

मग सोसायटीत हस्तांतरणाचे अर्ज. त्यांवर विकणाऱ्याच्याही सह्या लागतात, त्यामुळे त्या नोंदणीच्या दिवशीच घेऊन ठेवलेल्या बऱ्या. समितीच्या मंजुरीनंतर शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला तुमची नोंद होते, ती स्वतः पाहा. पाठोपाठ मालमत्ता कर, वीज आणि गॅसच्या खात्यावरचं नाव बदलायचं. हे सगळं पहिल्या महिन्यात उरका, विकणारा अजून तुमचा फोन उचलतोय तोवर.